हिरव्या पुडीवरचे हात

नवीन नर्स रुजू झाली की आमच्या मुख्य नर्स त्साओ सिस्टर तिला पहिल्याच आठवड्यात सफाईवाल्या थाओमावशींचं फडकं बघायला पाठवायच्या. निळं चौकोनी फडकं मावशी आधी अर्धं दुमडायच्या, मग पुन्हा अर्धं. पुढच्या-मागच्या मिळून आठ कोऱ्या बाजू तयार. एका बाजूने खाटेचा उजवा कठडा पुसला की ती बाजू आत जायची, दुसरी बाहेर यायची. तिने डावा कठडा, तिसरीने घंटीचं बटण आणि वायर, चौथीने सलाइनचा खांब. आठ बाजू संपल्या की फडकं बादलीत, आणि पुढच्या खाटेला दुसरं. पुसलेली बाजू त्या परत कधीच वर येऊ देत नसत.

हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. नेईफू गावी सासरी आल्या तेव्हा सासूने तीन फडकी हातात दिली होती. एक देव्हाऱ्याचं, एक ओट्याचं, एक जमिनीचं. ओट्याचं फडकं एकदा चुकून देवाच्या टेबलावर फिरलं, तर सासू दोन दिवस बोलली नव्हती. "तेव्हापासून माझ्या फडक्याला डोळे आहेत," असं मावशी सांगायच्या.

छाओचोऊच्या आमच्या इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या काउंटरवर मी अठरा वर्षं बसते आहे. कागद, फोन, नातेवाईक, सगळं माझ्यापाशी येतं, आणि समोर आठही खाटा दिसतात. लो छुन-थाओ, म्हणजे आमच्या थाओमावशी, अकरा वर्षांपूर्वी सफाईच्या ठेक्यावर आल्या. तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. "अगं काउंटर, हे बघ" अशीच सुरुवात असायची, आणि पुढे एखादा प्रश्न.

प्रश्न विचारायची त्यांना फार सवय. क्लोरीनचं पाणी लावल्यावर लगेच कोरडं का करायचं नाही? ते गरम पाण्यात का मिसळायचं नाही, घरी तर गरम पाण्याने सगळं जास्त स्वच्छ निघतं? आधीच्या बायकांना "असंच असतं" एवढं उत्तर पुरायचं. मावशींना पुरत नसे. गरम पाण्याचं उत्तर त्यांनी स्वतः शोधलं. दोन बादल्या शेजारी ठेवून वास घेतला आणि मला येऊन सांगितलं की गरम बादलीतलं सगळं औषध आपल्या नाकात जातं, मग खाटेला लावायला राहतं काय. डॉक्टरांना मी ते गंमत म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, जवळजवळ बरोबर आहे.

आमच्या विभागात काही गोष्टी पाळल्या जातात. अननस कोणी आणत नाही; आमच्या बोलीत त्याचं नाव 'भरभराट येवो' असं ऐकू येतं, आणलं की रुग्णांची रीघ लागते. "आज शांत आहे" असं कोणी म्हणत नाही. एका शिकाऊ डॉक्टरने म्हटलं होतं, त्या दिवशी तीन रुग्ण एकदम आले आणि त्याला महिनाभर सगळ्यांना चहा पाजावा लागला. आणि प्रत्येक श्वासयंत्रावर खाऊची एक हिरवी पुडी असते. नारळाच्या चवीचा मक्याचा कुरकुरा खाऊ, लहान मुलं खातात तोच; त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पुडी हिरवीच हवी, मुदत संपलेली चालत नाही, आणि फोडायची तर नाहीच. ती असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं, मध्येच बंद पडत नाही. बँकेत पैशाच्या यंत्रावरही असते, तिकिटाच्या खिडकीतही असते. आमच्याकडे मुदत संपत आली की त्साओ सिस्टर स्वतः नवी आणायच्या. बाकी तिला हलवायचं नाही. फक्त येता-जाता दोन बोटांनी थोपटायचं, "सांभाळ रे बाबा" म्हणायचं, आणि पुढे जायचं.

यंदा पावसाळा संपता संपता चार नंबरच्या खाटेवर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फुफ्फुसात एक चिवट जंतू सापडला. बहुतेक औषधांना न जुमानणारा. ते बरे होऊन खाली वॉर्डात गेले. खाट धुतली, पडदे बदलले, यंत्राच्या नळ्या नवीन बसवल्या. पुढच्या रुग्णाला दहा दिवसांत तोच जंतू. पुन्हा सगळं धुतलं. तिसऱ्या रुग्णालाही तोच, आणि ती बाई वाचली नाही. मुळात तिचं हृदय फार अशक्त होतं, त्यामुळे ती कशाने गेली हे कोणी नक्की सांगू शकलं नसतं. पण चार नंबर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

मग वरच्या मजल्यावरून को सिस्टर येऊ लागल्या. संसर्ग रोखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. वय तिशीचं, छातीशी पाटी धरलेली, आणि बोलणं हळू. त्या दिसल्या की विभागातले सगळे हात धुवायला लागत. हे त्यांनाही माहीत होतं. एकदा मला म्हणाल्या की मी उभी असते तोवर इथे शंभर टक्के हात धुतले जातात, माझी खरी अडचण तीच आहे.

त्यांच्याकडे एक पेन होतं. त्याने ठिपका काढला की साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, निळ्या दिव्याखाली मात्र तो चमकतो. नीट पुसलं तर ठिपका जातो. खाटेभोवतीच्या वीस जागांची त्यांची एक यादी होती: कठडे, घंटी, टेबल, यंत्राची बटणं, पडद्याची कड. चार नंबरला त्यांनी कोणाला न सांगता दोनदा ठिपके काढले आणि दुसऱ्या दिवशी दिवा फिरवला. दोन्ही वेळा वीसपैकी वीस जागा स्वच्छ होत्या.

एवढं झाल्यावर मावशींवरचा संशय मिटायला हवा होता. पण ठेकेदाराचा माणूस फान आला आणि त्याने वेगळंच गणित मांडलं. खाट तीच, रुग्ण वेगळे, नर्सेस पाळीपाळीने बदलणाऱ्या; रोज न चुकता तिथे हात लावणारी व्यक्ती एकच. बासष्ट वर्षांच्या बाईची नजर ती काय असणार, असं तो त्साओ सिस्टरांना माझ्या काउंटरपाशीच म्हणाला. मावशी दहा पावलांवर फरशी पुसत होत्या. शुक्रवारच्या बैठकीत ठरवू, तरुण मुलगी देतो, यांना खाली बाह्यरुग्ण विभागाच्या संडासांवर पाठवतो. तिथे जंतू असले तरी कोणी मोजत नाही, असंही हसत म्हणाला.

मावशी फरशी पुसत पुढे गेल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसल्या, खारवलेला मुळा घातलेलं ऑम्लेट होतं, पण खाल्लं नाही. मला म्हणाल्या, "अगं काउंटर, तो म्हणतो ते खरं असलं तर?"

मी म्हटलं, वीस ठिपके पुसले गेले, अजून काय हवं.

"ठिपके खाटेचे गेले. माझ्या हातांचं काय?"

तेव्हा घरचं बाहेर आलं. त्यांची सून या-रू केस कापायच्या दुकानात काम करते. तिथे कोणा गिऱ्हाइकाकडून तिला चार नंबरची गोष्ट कळली होती. त्या दिवसापासून पाच महिन्यांच्या नातीचा पाळणा आतल्या खोलीत गेला. सून भांडली नाही. आई, तुम्ही दमून येता, राहू दे, मी बघते, असं गोड बोलून तिने मूल उचलून नेलं. मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. बारा दिवस मावशींनी नातीला हातात घेतलं नव्हतं. मला याचं वाईट वाटलं, पण मावशींच्या आवाजात रडू नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सून चुकत असेल तर तिला दोन शब्द सुनवता येतील, आणि बरोबर असेल तर मग त्याच आपण होऊन पोरीजवळ जाणार नाहीत. पण हे कळणार कसं, एवढंच त्यांना हवं होतं.

मंगळवारी को सिस्टरांनी सगळ्यांना हात धुण्याचा वर्ग लावला. विश्रांतीच्या खोलीत पाच-पाच जणांनी यायचं, तळव्यांना एक पांढरं मलम चोळायचं, ते जंतू आहेत असं समजायचं, मग नेहमीसारखे हात धुवायचे आणि त्याच निळ्या दिव्याखाली धरायचे. सफाईवाल्यांना बोलावणं नव्हतं. मावशी दारात उभ्या राहिल्या. को सिस्टरांनी त्यांना आत घेतलं.

दिवा लागला आणि हशा पिकला. धुतलेले म्हणून दाखवलेले हात नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, अंगठीखाली निळसर चमकत होते. एका डॉक्टरांचे तर दोन्ही अंगठे पूर्ण चमकत होते, जणू त्यांना पाणीच लागलं नव्हतं. मावशींच्या फक्त एका करंगळीच्या नखाशी ठिपका राहिला होता. सगळे हसत, एकमेकांना चिडवत कामावर परतले. काहींनी पुन्हा हात धुतले, काहींनी नाही.

मावशी तिथेच रेंगाळल्या. को सिस्टर दिवा पिशवीत ठेवत होत्या. मावशींनी विचारलं, हे जे हातांवर उरलं, ते आता कुठे जाणार?

को सिस्टर म्हणाल्या, जिथे हात जातील तिथे.

"मग आपण बघू या की."

को सिस्टरांनी दिवा पुन्हा पिशवीतून बाहेर काढला. मला वाटतं त्यांनाही राहवेना. चार नंबरची खाट त्या दिवशी रिकामी होती, रुग्ण सकाळीच खाली गेला होता, आणि सफाई होऊन यंत्र पुढच्यासाठी तयार उभं होतं. दुपारच्या एकाला आम्ही तिघी तिथे गेलो. मी पडदे ओढले, वरचा दिवा बंद केला. को सिस्टरांनी निळा दिवा कठड्यावर धरला. काही नाही. घंटी, टेबल, बटणं, काही नाही. मावशींनी सकाळी पुसलेलं सगळं कोरं होतं. को सिस्टर दिवा घेऊन वळल्या, आणि वळताना उजेड यंत्राच्या माथ्यावरून गेला.

हिरवी पुडी चमकत होती. तिच्यावर बोटांचे ठसे होते, एकावर एक, लहान, मोठे. एक अंगठा तर स्पष्ट ओळखू येत होता.

मी त्या जागेकडे अठरा वर्षं बघत होते. चार नंबरची खाट औषधांच्या कपाटाकडे वळायच्या कोपऱ्यावर आहे. कपाटाकडे जाणारा प्रत्येक जण तिच्यावरून जातो. एक नंबरच्या रुग्णाचा कफ काढून आलेला, सात नंबरचं ड्रेसिंग बदलून आलेला, कोणीही. मनात धाकधूक असलेला माणूस जाता जाता सगळ्यात जवळच्या पुडीला थोपटतो, आणि सगळ्यात जवळची चार नंबरचीच. माझ्या डोळ्यांसमोर हे रोज शंभरदा होत होतं, आणि ते मला कधी हात लावणं वाटलंच नव्हतं.

को सिस्टरांनी पाटीवरची यादी वरून खाली वाचली, जणू पुडी तिथे कुठे असेलच. नव्हती. त्या म्हणाल्या, ही यादी मी केली, चूक माझी आहे.

मावशी पुडीकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग सांगितलं की त्यांच्या घरी देवापुढे उदबत्त्या खोचायचं राखेचं भांडं आहे. ते वर्षभर हलवत नाहीत. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी देव वर स्वर्गात जातात, तेव्हाच ते उचलून पुसायचं. एरवी त्याच्या भोवतीने फडकं फिरवायचं. इथे आल्यावर पहिल्या दिवशी पुडी दिसली आणि त्यांच्या हाताने आपोआप तेच केलं.

"अकरा वर्षं मी हिच्या भोवतीने पुसत आले," त्या म्हणाल्या. "माझ्या फडक्याला डोळे आहेत म्हणे."

को सिस्टरांनी कापसाची एक काडी खाटेवरून आणि दुसरी पुडीवरून फिरवली आणि वेगवेगळ्या नळ्यांत घालून बंद केल्या. मावशींनी दोन्ही हात पुढे केले. यांचंही घ्या म्हणाल्या. को सिस्टर म्हणाल्या की गरज नाही. मावशी हात पुढे धरूनच उभ्या राहिल्या, तेव्हा घ्यावं लागलं.

शुक्रवारी अकराला बैठक. विभागप्रमुख डॉक्टर, त्साओ सिस्टर, को सिस्टर, फान, आणि टिपण घ्यायला मी. मावशींना भिंतीशी खुर्ची दिली होती. त्या बसल्या नाहीत. को सिस्टरांनी निकाल वाचला. खाटेवर काही नाही. मावशींच्या हातांवर काही नाही. पुडीवर तोच जंतू.

 मला मावशींचा चेहरा दिसत होता. हातांचा निकाल ऐकून त्यांचे खांदे किंचित खाली आले, एवढंच.

फान सगळ्यात आधी सावरला. त्याला हा निकाल फार सोयीचा होता. ठेका यादीतल्या वीस जागांचा आहे, पुडी यादीत नाही, म्हणजे सफाईची चूक नाही आणि मावशींना हलवायचं कारणही उरलं नाही. आत येण्यापूर्वीच को सिस्टरांकडून कुणकुण लागल्यावर त्याने मावशींना दारात गाठून सांगितलं होतं की काही बोलू नका, यादीत नाही म्हणजे विषय संपला. आता तो कागद गोळा करू लागला.

"यादीत नव्हती," मावशी म्हणाल्या, "पण मला दिसत होती."

फानने त्यांच्याकडे असं बघितलं की मी लिहिता लिहिता थांबले.

मावशी सावकाश बोलल्या. धूळ दिसत होती. कडेला राखाडी थर बसलेला दिसत होता. दुसरं काहीही एवढं मळकं असतं तर यादीत असो नसो, पुसलंच असतं. हिला मात्र त्या भ्यायल्या. यंत्र बंद पडलं तर, असं वाटायचं. त्यांच्या घरी देवापुढे जायचं तर आधी हात धुतात. इथे आपण सगळे न धुतलेल्या हातांनी देवाला थोपटत होतो, आणि त्या त्याच्या भोवतीने पुसत होत्या.

"आता साहेबांना हलवायचं असेल तर हलवा. पण जी कोणी तरुण मुलगी येईल तिला हे सांगा. नाही तर तीही भोवतीनेच पुसेल."

फान म्हणाला, हे बघा, यांनी स्वतःच कबूल केलं, आता टिपणात येणार.

त्साओ सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सत्तावीस वर्षं नोकरी झालेली बाई. म्हणाल्या, मी रोज पाळी सुरू करताना चार नंबरला थोपटते. हातमोजे असले तर हातमोज्यांनीच. मग प्रमुख डॉक्टरांनी घसा खाकरला आणि सांगितलं की तो अंगठा बहुधा त्यांचा आहे.

त्साओ सिस्टरांनी मला विचारलं, तू काय लिहिलंस?

मी वाचून दाखवलं: पुडीला सर्वांनी हात लावला, पुसली कोणीच नाही.

त्या म्हणाल्या, एवढंच राहू दे. मावशी आहेत तिथेच राहतील.

फान आणखी काही म्हणाला, पण डॉक्टर तोवर पुड्यांचं काय करायचं याकडे वळले होते. सगळ्या आजच काढून टाका, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. पाचच मिनिटांत म्हणाले, दोन नंबरच्या रुग्णाची तब्येत जरा नाजूक आहे, त्याची उद्या काढू. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात तेच होतं. त्यावर मावशींनी सुचवलं ते कोणाला सुचलं नसतं. आठ पुड्या नकोत, एकच ठेवा. तीही यंत्रावर नको, कोपऱ्यावर जिथे हातांना चोळायच्या औषधाची बाटली टांगली आहे तिच्या वर, पारदर्शक डब्यात, हात पोहोचणार नाही अशी. ज्याला नमस्कार करायचाय त्याने आधी हात चोळावेत.  को सिस्टर इतकंच म्हणाल्या की डबा पुसता येईल असा हवा.

यंत्रांवरच्या पुड्या त्याच दुपारी मावशींनी उतरवल्या. हातमोजे घालून, एकेक दोन्ही हातांनी उचलून. पुटपुटत काहीतरी सांगत होत्या. तुम्ही जरा वर जाऊन या, असं काहीसं मला ऐकू आलं. आठव्या पुडीला कुठलं तरी यंत्र किंचाळलं आणि सगळ्या नर्सेस गोठल्या. ते माझ्या काउंटरवरचं छपाईचं यंत्र होतं, कागद अडकला होता. त्याच्यावर पुडी कधीच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी गुपचूप आणून ठेवली. मी ती काढून टाकली, हे लिहिते आहे खरी, पण काढायला मला दोन दिवस लागले.

यादीत एकविसावी ओळ मी टाइप केली. तपासणीला येणाऱ्या सरकारी माणसांपुढे खाऊची पुडी कशी लिहायची यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी "यंत्रावरील इतर वस्तू" असं ठरलं. चार नंबरला त्यानंतर दोन महिन्यांत तो जंतू आला नाही. पुडी हलवल्याने, की यादीने, की लोक घाबरून हात धुऊ लागल्याने, हे को सिस्टर सांगत नाहीत. बाटलीतलं औषध मात्र दुपटीने संपतं, ते मीच मागवते.

थंडीत वर्षातला सगळ्यात छोटा दिवस येतो, तेव्हा घरोघरी तांदळाच्या गोळ्यांचं गोड पाणी करतात. मावशींनी मला बोलावलं. कामावरून दोघी बरोबरच गेलो, तर या-रू ओट्यापाशी गोळे वळत होती, आणि भिंतीवर को सिस्टरांनी दिलेला मावशींच्या हातांचा निकाल चिकटवलेला होता, मुलाच्या शाळेतल्या प्रशस्तिपत्रांच्या शेजारी. पाळणा बाहेरच्या खोलीत परत आला होता. या-रूने माझ्यासमोर सासूला दोन-तीनदा जास्तच प्रेमाने आई, आई म्हटलं.  मावशी आत जाऊन कपडे बदलून कोपरापर्यंत हात धुऊन आल्या, अंगठे वेगळे घासले, आणि सुनेच्या पिठाच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "आता तूही धू. दिवसभर लोकांच्या डोक्यात हात असतात तुझे."

या-रू धुवायला गेली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मीही उठले.

नात त्यांच्या मांडीवर झोपली तशा त्या समोरच्या देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. राखेचं भांडं नेहमीच्या जागी होतं. भोवतालचं टेबल चकचकीत, आणि भांड्याखाली जुन्या धुळीची एक गोल कड.

"चोविसाव्या दिवसाला अजून महिना आहे," त्या म्हणाल्या. जरा वेळाने आवाज खाली आणून विचारलं, "अगं काउंटर, को सिस्टर तो दिवा एका दिवसासाठी घरी देतील का गं?"